मदत हवी आहे: पनामात एम्बेरा गावाला होडीने जायचंय, आईला जमेल का?

रेवती_प
पनामात चाग्रेस नदीवरच्या एम्बेरा या आदिवासी लोकांच्या गावी जायचंय. आज रात्रीपर्यंत पैसे भरायचे आहेत. आईचे गुडघे दुखतात. होडीत चढता-उतरता येईल का, एवढंच सांगा. नेटवर सगळे नुसते नाचाचे फोटो टाकतात.

नदीकाठ
कुठलं गाव? पारारा पुरू, एम्बेरा द्रुआ, तुसिपोनो? आणि महिना कोणता? सगळं नदीला पाणी किती यावर अवलंबून आहे.

खादाडखाऊ
जेवायला पानाच्या द्रोणात तळलेला तिलापिया मासा आणि पाताकोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप. झकास! शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा.

रेवती_प
जेवणाचं नाही विचारलं हो. मार्चमध्ये जातोय. गावाचं नाव एजंटने दिलेलं नाही.

नदीकाठ
मार्च म्हणजे ऐन कोरडा हंगाम. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत नदी उतरलेली असते. होडीला तिथे पिराग्वा म्हणतात. लांबलचक, अरुंद, मागे इंजिन. पुढच्या टोकाला एकजण काठी घेऊन उभा असतो, तो तळ चाचपत जातो. पाणी उथळ झालं की इंजिन वर उचलतात, तळ गोट्यांवर खरखरत जातो आणि तरी नाही सरकली तर धडधाकट लोकांना उतरून ढकलावी लागते. आईंना कोणी ढकलायला लावणार नाही. पण चढताना काठावरून पाय उचलून आत टाकायचा, होडी डुलत असते आणि धरायला काही नसतं. बसायची फळी बुटकी असते, तिच्यावरून उठणं हीच खरी परीक्षा.

तिरपा_डोळा
कशाला जाताय? सगळा देखावा आहे. पर्यटक आले की कमरेला वस्त्र गुंडाळतात, गेले की टी-शर्ट चढवतात.

मीना_ग
मग? लग्नात तुम्ही फेटा बांधता तो काय रोज बांधता? ही कुटुंबं पनामाच्या पूर्वेकडच्या दारिएन प्रांतातून चाग्रेसकाठी आलेली. १९८५ मध्ये या चाग्रेसच्या भागात राष्ट्रीय उद्यान झालं, शिकारीवर आणि शेतीवर बंधनं आली. पाहुणे आणि हस्तकला यावरच घर चालतं. चुंगा नावाच्या ताडाच्या धाग्याच्या टोपल्या बघा, इतकी घट्ट वीण मी दुसरीकडे पाहिली नाही. घासाघीस करू नका.

तिरपा_डोळा
पैसे एजंटच्या खिशात जातात, त्याचं काय?

मीना_ग
म्हणूनच गावाशी थेट बोलून जावं. माझं तरी तेच मत आहे.

कालवा_प्रेमी
या नदीचं महत्त्व कोणी सांगतच नाही! चाग्रेसचंच पाणी पनामा कालव्याला जातं. १९३५ मध्ये वरच्या अंगाला मॅडन धरण बांधलं, त्यातून आलाहुएला तलाव झाला. २०२३ च्या दुष्काळात तर जहाजांची संख्या कमी करावी लागली होती...

रेवती_प
काका, कालवा आम्ही बघणारच आहोत, क्रूझवरून. जहाज कोलोनला लागतं, संध्याकाळी पाचला सुटतं.

नदीकाठ
अहो, हे आधी सांगायचं ना! थेट जायचा बेत सोडा. नदी उतरलेली असताना होडी किती वेळ घेईल याचा नेम नाही आणि तुमच्यासाठी जहाज थांबणार नाही. क्रूझवाल्यांची स्वतःची सहल घेतली तर शक्यतो थांबतात. कोलोनहून एम्बेरा केरा जवळ पडतं. ते गातून नदीवर आहे, होडीचा प्रवासही कमी. आईंसाठी तेच बरं.

मीना_ग
क्रूझच्या सहलीत गर्दी फार असते बरं का.

नदीकाठ
गर्दी परवडली, जहाज सुटलेलं नाही परवडत.

डॉ_अंतू
पीतज्वराची लस? पनामाहून भारतात परतताना प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं. आईंचं वय साठच्या वर असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, या वयात या लसीचा धोका वाढतो.

रेवती_प
आई अडुसष्टची आहे. हे एजंट एका शब्दाने बोलला नाही. आज पैसे भरत नाही, उद्या आधी डॉक्टर. केराच्या होडीला चढायला फळी टाकतात की पाण्यातूनच जावं लागतं, कोणाला माहीत आहे?

खादाडखाऊ
हागुआ फळाच्या रसाने अंगावर नक्षी काढून देतात, तीही काढून घ्या. आठवडाभर तरी जात नाही.

रेवती_प
फळी!! फळीचं सांगा कोणीतरी.