मदत हवी आहे : समुपदेशकही त्याच पुरातून गेले असतील तर?

नमस्कार. पूरग्रस्तांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांच्या गटाला मी मार्गदर्शन करते. अडचण अशी की यातल्या बहुतेकांच्या घरातही पाणी शिरलं होतं. समोरची बाई रात्री पाणी कसं चढत गेलं ते सांगते आणि ऐकणारीचं पेन तिथेच थांबतं. तिच्याही भिंतीवर तीच ओली रेघ आहे.

२००१ च्या न्यूयॉर्कमधल्या हल्ल्यानंतर तिथल्या समाजकार्यकर्त्यांनी या 'सामायिक आघाता'बद्दल, म्हणजे मदत करणारा आणि घेणारा दोघांनीही तीच आपत्ती भोगलेली असण्याबद्दल, बरंच लिहिलंय. सावरणाऱ्या माणसांकडून थेरपिस्टलाही बळ मिळतं, हेही मी रोज पाहते. पण थकवा आणि बळ एकाच माणसात, एकाच आठवड्यात दिसतं. मग केस कुणाला द्यायची, कुणाला थांबवायचं? सक्तीची सुट्टी काहींना फार जड जाते; कामानेच त्यांना उभं धरलंय.

आणि 'माझंही घर गेलं' हे क्लायंटला सांगावं का? माझ्या मते थोडक्यात सांगावं, पण मग काही क्लायंट आपलं दुःख आवरून समुपदेशकालाच जपू लागतात.

असं काम केलेल्यांनी कृपया लिहा. त्या आपत्तीत नसलेल्या, बाहेरच्या व्यक्तीकडून सुपरव्हिजन (आपल्या केसेसबद्दल अनुभवी व्यक्तीशी नियमित बोलून मार्गदर्शन) घेतल्याचा उपयोग झाला का?