ठाण्याची भुयारी मेट्रो स्थानकं: पाट्या वाढवायच्या की वाटच सोपी बांधायची?

चरईकर:
ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने 16 ऑगस्ट 2024 ला मंजुरी दिली. 29 किलोमीटर, 22 स्थानकं. त्यातली 20 वर, खांबांवर. भुयारात दोनच: ठाणे जंक्शन आणि नवीन ठाणे. बॅरिकेड कधी हटणार, रस्ता कधी मोकळा होणार यावर इथे पुष्कळ धागे निघालेत, त्यात भर घालायची नाही. मला बोलायचंय ते या दोन स्थानकांच्या आतल्या वाटेबद्दल, कारण ती एकदा काँक्रीटमध्ये ओतली की आपली नातवंडंसुद्धा तिथूनच चालणार.

जमिनीवर असताना आपल्याला दिशा विचारावी लागत नाही. येऊरचा डोंगर दिसतो, बसचे हॉर्न ऐकू येतात, ऊन कुठल्या बाजूचं आहे ते कळतं. भुयारात यातलं काहीच नाही. मुंबईच्या मेट्रो 3 ची 27 पैकी 26 स्थानकं भुयारी आहेत. छान आहेत, गार आहेत, स्वच्छ आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तिकिटाच्या मजल्यावर आलं की चहूबाजूंनी तोच पांढरा उजेड, तीच चकचकीत फरशी. मग सगळा भार पाट्यांवर. ए1 दार इकडे, बी2 दार तिकडे. माणूस मध्यावर उभा राहून मान वर करून गोल फिरतो.

माझं म्हणणं असं की पाटी हे ठिगळ आहे. गाडीतून उतरल्यावर जिना समोर दिसावा, जिन्यावरून वरचा उजेड दिसावा, आणि कुठल्या बाजूला गाव आहे हे त्या उजेडावरूनच कळावं. पुण्याचं सिव्हिल कोर्ट स्थानक साधारण 33 मीटर खोल आहे, तरी दिवसाचा उजेड थेट खाली पोचेल अशी त्याची रचना केली. ते बांधणाऱ्या महामेट्रोकडेच ठाण्याचंही काम आहे. मग आपण का मागू नये?

टी-स्क्वेअर:
चरईकर, मागणी सुंदर आहे. पण बरीच वर्षं नकाशे काढण्यात गेली म्हणून सांगतो, भुयारी स्थानक वास्तुविशारद आखत नाही, वरचा रस्ता आखतो. वरून खोदून पुन्हा झाकायचं, म्हणजे कट अँड कव्हर, तर रस्त्याच्या रुंदीएवढीच पेटी मिळते. गिरगाव-काळबादेवीला तेवढीही मिळेना, म्हणून एनएटीएम पद्धतीने आतून पोखरत जावं लागलं. त्यावर अग्निसुरक्षा. एनएफपीए 130 हे अमेरिकी मानक अनेक देशांतल्या मेट्रो धरतात: फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे, सहा मिनिटांत सगळे सुरक्षित जागी. जिने किती, किती रुंद, एकमेकांपासून किती लांब, हे त्या हिशेबातून येतं. छतात हवेचे डक्ट, केबल, पाण्याचे पाइप. हे सगळं झाल्यावर उरेल त्या जागेत आमची कला.

आणि पाटीला इतकं हिणवू नका. दादरला 9 डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना 8 ते 14 असे पुढचे क्रमांक दिले. एक वीट हलली नाही, पण ‘एक नंबर म्हणजे वेस्टर्नचा की सेंट्रलचा’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा घोळ मिटला. वर उद्या नवा पूल झाला, बसथांबा हलला, तर पाटी एका रात्रीत बदलता येते. जिना बदलून दाखवा.

चरईकर:
चार मिनिटांत फलाट रिकामा व्हायचा असेल तर जिना कुठे आहे हे लोकांना आधीच ठाऊक हवं ना? धूर छताशी साठतो आणि पाट्याही छताशीच टांगलेल्या. तुमच्याच मानकाने माझी बाजू मांडली.

कोपरीवाली:
दोघंही मोठ्या गोष्टी बोलताय. मला एक साधं सांगा, दाराला नाव काय देणार? ठाण्यात कुणी कुणाला ‘ए2 ला भेट’ असं म्हणेल का? आपण म्हणतो सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या पुलाखाली, अलोक हॉटेलसमोर, गावदेवीपाशी. त्यामुळे दाराला जागेचंच नाव हवं. जांभळी नाका दार, गावदेवी दार, कोपरी दार. कोपरी मुद्दाम लिहिलंय, कारण पूर्वेकडच्या माणसाला ‘ईस्ट’ या एका शब्दात गुंडाळायची सवय आहे सगळ्यांना.

आणि चित्र हवं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना वाचता येत नाही, पण मोबाइलवर चित्र बघून त्या अचूक माणसाला फोन लावतात. मेक्सिको सिटीत 1969 मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक स्थानकाला स्वतःचं चिन्ह आहे, सुरुवातीची लान्स वायमन या डिझायनरने काढलेली. आपल्याकडे मासुंद्याची नाव, कौपिनेश्वराचं शिखर, मिठागराची रास, चिन्हांना काय तोटा?

पेठेतून_पाचपाखाडीत:
चिन्हांवरून आठवलं. पुण्यात डेक्कन आणि संभाजी उद्यान स्थानकांना पगडीचा आकार दिलाय, शिवाजीनगरच्या भुयारी स्थानकाला किल्ल्याचं रूप. आमच्याकडे यावर मनसोक्त भांडणं झाली, नाही तर आम्ही पुणेकर कसले! माझं मत: पगडी लांबून ओळखू येते, हा तिचा खरा उपयोग. डेक्कनला उतरायचं असलेल्या नवख्याला ‘पगडी दिसली की उतर’ म्हणता येतं. भुयारात मात्र बाहेरून दिसण्यासारखं असतंच काय? दार तेवढं. तेव्हा शोभेचे पैसे दारावर घाला, आतल्या भिंतीवर नकोत.

वाघबीळकर:
हसू येतंय वाचून. आमच्या घोडबंदर रोडवरच्या मेट्रो 4 ची चाचणी सप्टेंबर 2025 मध्ये गायमुख ते विजय गार्डन झाली, तेव्हा आम्ही गच्चीत उभे राहून टाळ्या वाजवल्या. खांब बघत बघत आमची मुलं कॉलेजात गेली. आणि इकडे तुम्ही दाराचं चित्र ठरवताय.

खरा प्रश्न अंतराचा आहे. लोकलच्या फलाटावरून मेट्रोच्या फलाटापर्यंत किती चालावं लागणार, किती जिने, डोक्यावर छप्पर आहे की नाही. हे जमलं तर पाट्या मराठीत असोत की मोडीत, लोक शोधतील. ठाणे स्टेशनला फलाट दहा, आणि नवा माणूससुद्धा दुसऱ्या दिवशी डोळे मिटून चालतो. गर्दीच वाट दाखवते हो.

कोपरीवाली:
गर्दी वाट दाखवते ती रोजच्यांना. पहिल्यांदा सिव्हिल हॉस्पिटलला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला गर्दी फक्त ढकलते.

नेरूळ_सेक्टर_विसावा:
खाडीपलीकडून, नवी मुंबईतून दोन शब्द. चरईकरांचं स्वप्न आम्ही जगतोय. सिडकोने स्थानकं बांधली तेव्हा जागेची ददात नव्हती. वाशीला 1992 मध्ये लोकल आली. आज तिथे फलाटांच्या डोक्यावर आयटी पार्क आहे. रुंद फलाट, उंच छत, रुळांखालून पलीकडे जायला सबवे. पावसाळ्यात ठाण्याहून येणारे पाहुणे बघतच राहतात.

पण ऐसपैस बांधलं म्हणून वाट कळते असं नाही. आमच्याकडची स्थानकं एकाच हाताची वाटतात. सबवेतून दोन्ही बाजूंना सारखाच जिना, वर सारखंच दालन, बाहेर सारखाच रिक्षा स्टँड. नवखा माणूस हटकून चुकीच्या बाजूला निघतो. नेरूळला तर पनवेल, सीएसएमटी, ठाणे आणि जानेवारी 2024 पासून थेट उरण, एवढ्या दिशांच्या गाड्या. तिथे उजेड काय सांगणार? तिथे इंडिकेटरच लागतो.

इंडिकेटरवरून एक निरीक्षण, कुठल्याही स्टेशनवर पाहा. तो जिन्याच्या तोंडाशी लावलेला असतो. माणूस खाली उतरत येतो, शेवटच्या पायरीवर थांबतो, वर बघतो. तेवढ्यात मराठी जाऊन हिंदी येते, हिंदी जाऊन इंग्रजी येते, तो पुन्हा मराठीची वाट बघत उभा. मागचे सगळे त्याच्या पाठीवर. तोच इंडिकेटर जिना सुरू होण्याच्या दहा पावलं आधी लावला तर? यात ना वास्तुकला आली, ना खर्च. नुसती जागा.

टी-स्क्वेअर:
नेरूळकर, लाख बोललात. आमच्या भाषेत ती निर्णयाची जागा. जिथे माणसाला डावं-उजवं ठरवायचंय त्याच्या थोडं आधी माहिती हवी, नेमकी तिथेच नको. भुयारी स्थानकात अशी पहिली जागा फलाटावरच असते. बाहेर पडायची दारं आणि त्यांच्याजवळच्या जागा यांचा नकाशा तिकीट यंत्राच्या पलीकडे लावून काय उपयोग? तोवर माणूस चुकीच्या जिन्याने वर आलेला असतो.

कोपरीवाली ताई, नावं हवीत हे मान्य, पण अक्षर-आकडा काढू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये बीकेसी स्थानकाच्या ए4 दाराबाहेर आग लागली. फोनवर ‘ए4’ म्हटलं की काम झालं. अशा वेळी कुणी ‘अमक्या हॉटेलासमोर’ म्हणालं आणि ते हॉटेल गेल्या वर्षीच बंद पडलेलं असलं तर?

कोपरीवाली:
हॉटेलचं नाव द्या असं म्हणालेच नाही मी. जांभळी नाका बंद पडत नाही. मोठ्या अक्षरात नाव, कोपऱ्यात तुमचा ए4. उलटं नको.

पांढरी_काठी:
फोन वाचून दाखवतो त्यावर हा धागा ऐकतोय. ‘जिना दिसावा’, ‘उजेड दिसावा’, ‘चित्र दिसावं’. बरं. मी काय करू?

पायाखालच्या पिवळ्या फरशा ही माझी पाटी. सेइइची मियाके या जपानी माणसाने त्या 1965 मध्ये शोधल्या, 1967 मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या. लांब उंचवटे म्हणजे चालत राहा, गोल टिपके म्हणजे थांब. इतकी सोपी भाषा. पण ती बोलणाऱ्याने अर्धवट सोडली की पंचाईत. एका भुयारी स्थानकात पट्टी मला व्यवस्थित लिफ्टपर्यंत घेऊन गेली, वर आलो तर पट्टी संपली आणि काठी लागली ती झाडाच्या कुंडीला. तिथून रस्ता कुठल्या हाताला हे सांगायला पुढे काहीच नव्हतं.

म्हणून मला चरईकरांचं पटतं, पण वेगळ्या कारणाने. सरळ आणि काटकोनात वळणारी वाट मला पाठ होते. देखण्या, गोलाकार, उघड्या दालनात मी हरवतो. मोठं दालन बांधणार असाल तर त्याला कडा ठेवा.

चरईकर:
हे टिपून ठेवलंय. दालनाचा आग्रह मला नाहीच, सरळ वाटेचा आहे. टी-स्क्वेअर, सिव्हिल कोर्टासारखा उजेड खाली आणणाऱ्या विहिरीबद्दल मात्र तुम्ही गप्प आहात.

टी-स्क्वेअर:
गप्प नाही, पावसाळ्याचा विचार करतोय. उजेडाची विहीर ही पाण्याचीही विहीर असते. 26 मे 2025 ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं ते काम चालू असलेल्या दाराकडून. स्थानक सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. म्हणूनच भुयारी स्थानकात उतरायचं तर आधी रस्त्यावरून काही पायऱ्या चढाव्या लागतात. लोक वैतागतात, पण तो उंबरठा पाण्यासाठी आहे. त्याच्या शेजारी उतार हवा, नाही तर चाकाची खुर्ची बाहेरच राहते. उतार जागा खातो. आता ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला ती जागा दाखवा. वर सॅटिस, गावदेवी मैदानाखाली आधीच वाहनतळ, बाजूला गोखले रोड.

पेठेतून_पाचपाखाडीत:
सिव्हिल कोर्टाला मोकळी जागा होती, हे खरंय. त्याची नक्कल स्टेशनजवळ होणं अवघड. पण नवीन ठाण्याचं काय? मनोरुग्णालयाच्या बाजूला होणाऱ्या स्टेशनजवळ अजून गजबज नाही. तिथे विहीरही मावेल, उतारही मावेल.

टी-स्क्वेअर:
तिथे मावेल. तिथे मागितलं तर मीही सही करीन.

वाघबीळकर:
चला, एका स्थानकाचं जमलं. म्हणजे जिथे माणसं कमी तिथे उजेड, आणि जिथे लाखो लोक तिथे ए1, बी2.

चरईकर:
पश्चिमेला जमत नसेल तर पूर्वेचं दार मोठं करा. कोपरीकडे आकाश आहे अजून.

कोपरीवाली:
होतं. आमच्याकडेही आता सॅटिसचा पूल चढतोय, या एकदा बघायला. येताना दार कुठलं ते विचारू नका, एकच आहे.