मदत हवी आहे: टुरिंगच्या अटी पूर्ण होतात, तरी नक्षी उमटत नाही

खाडीकाठ, रत्नागिरी
एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी श्नाकेनबर्ग प्रतिमान (दोन रसायनांची अभिक्रिया आणि पसरणे दाखवणारी समीकरणे) घेतले आहे. त्यातले स्थिरांक अ = ०.१, ब = ०.९, विसरणांक (रसायन किती वेगाने पसरते ते) १ आणि १०. टुरिंगच्या चारही अटी (पसरण्यामुळेच सपाट स्थिती मोडून नक्षी उमटण्याच्या) पूर्ण होतात, तरी संगणकावर दोन्ही रसायनांच्या संहती (प्रमाण) सपाटच राहतात. सोमवारी सादरीकरण आहे, कृपया लवकर सांगावे.

गणिती
क्षेत्राची लांबी किती, कडांवर कोणती अट आणि सुरुवातीला समतोलापासून (जिथे संहती बदलत नाहीत) थोडे विचलन दिले आहे का? तंतोतंत समतोलापासून सुरुवात केली तर नक्षी उमटणारच नाही.

सुपारीबाग
टाइम स्टेप (गणनातला काळाचा एकेक टप्पा) कमी करा. माझ्या अनुभवात नव्वद टक्के वेळा दोष तिथेच असतो.

गणिती
स्टेप मोठी असेल तर आकडे भरकटतात, सपाट होत नाहीत. इथे दुखणे वेगळे आहे.

दर्यावर्दी, मालवण
आमच्याकडच्या तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांवरील नागमोडी रेघा जरूर पाहा. शिंपला फक्त कडेला वाढतो, त्यामुळे त्याची एक दिशा म्हणजे जागा आणि दुसरी म्हणजे काळ. जर्मन शास्त्रज्ञ हान्स माइनहार्ट यांनी शंखशिंपल्यांच्या नक्षीचे गणित याच पायावर मांडले. प्रकल्पासाठी हाच विषय घ्यावा.

खाडीकाठ
विषय आता बदलता येणार नाही. लांबी १, कडा बंद, विचलन एक टक्का यादृच्छिक.

गणिती
मग उत्तर मिळाले. तुमच्या आकड्यांना समतोल (१, ०.९) येतो आणि तरंगांकाचा (तरंग किती दाट आहे ते सांगणारी संख्या) वर्ग ०.२ ते ०.५ यांच्या दरम्यान असेल तरच विचलन वाढते. बंद कडांच्या क्षेत्रात तरंगांक π च्या पूर्ण पटीला लांबीने भागून मिळतात. लांबी १ असताना सर्वांत लहान तरंगांकाचाच वर्ग ९.८७ भरतो, म्हणून प्रत्येक विचलन विरून जाते. चार अटी एवढेच सांगतात की अस्थिर पट्टा, म्हणजे विचलन वाढवणाऱ्या तरंगांकांचा पल्ला, अस्तित्वात आहे. त्या पट्ट्यात बसणारा तरंग तुमच्या क्षेत्रात मावतो की नाही, हे लांबी ठरवते. लांबी २० घ्या, म्हणजे तिसरा आणि चौथा तरंग पट्ट्यात येतील. चौथ्याच्या वाढीचा दर जेमतेम ०.०४५ आहे, तेव्हा गणन काळ ३०० पर्यंत तरी चालू द्या.

खाडीकाठ
लांबी वाढवून पाहिली. आता थोड्याच वेळात आकडे प्रचंड मोठे होऊन गणन थांबते. या वेळी शंभर भाग, स्टेप ०.०१, साधी पुरोगामी पद्धत (पुढच्या क्षणाचे आकडे थेट आधीच्या क्षणावरून काढणारी).

सुपारीबाग
आता तरी स्टेपकडे पाहा. भागाची रुंदी ०.२ आणि मोठा विसरणांक १०, म्हणजे त्या पद्धतीत स्टेप ०.००२ च्या वर चालणार नाही. ०.००१ ठेवा.

गणिती
हे मान्य. आता दोष तिथेच आहे.