मदत हवी आहे: दोन्ही रेबुटिया मिनुस्क्युलाच का?

गच्ची_बाग: रविवारी कुंड्या बदलायच्यात, त्याआधी लेबलं लावायचीयेत, कुणीतरी पटकन सांगा. नर्सरीतून दोन कॅक्टस आणले, दोन्हींवर रेबुटिया मिनुस्क्युला लिहिलेलं. एकाला लालभडक फूल आलं, दुसऱ्याला जांभळट. काटेही वेगळे. एकच जात असेल तर एवढा फरक कसा? नर्सरीवाला फोन उचलत नाहीये.

निवडुंग्या: फोटो? फूल कुठून आलंय, डोक्यावरून की बुडातून? काटे वेगळे म्हणजे कसे?

नाशिककर_७: मॅमिलारिया असणार, तो वेगळाच कॅक्टस. माझ्याकडे डझनभर आहेत, छोटा गोल आणि जांभळट फूल म्हणजे तेच.

सुमती_ताई: काटेरी झाड घरात नको गं, निदान बेडरूममध्ये तरी ठेवू नकोस.

गच्ची_बाग: ताई, गच्चीतच आहेत. फोटो चढत नाहीये. फुलं अगदी मातीलगत, बुडातून आलीत. लालवाल्याचे काटे जेमतेम २-३ मिमी, जांभळ्याचे लांब पांढरे, केसांसारखे.

निवडुंग्या: मग मॅमिलारिया नाही. तिची फुलं शेंड्याभोवती कडं करून येतात.

नाशिककर_७: माझ्या एकीला कडेनं आलीत, तेव्हा इतकं ठाम सांगू नका.

लीड्सची_माळीण: मी इथे इंग्लंडात काचघरात रेबुटिया लावते. मिनुस्क्युला मूळची अर्जेंटिनाच्या वायव्येकडची, साल्टा, हुहुई, तुकुमानच्या डोंगरउतारांवरची, शुमान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९५ मध्ये नाव दिलं. अंग चेंडूसारखं, वरून चेपलेलं, ५ सेमीच्या आसपास, सरळ कंगोरे नाहीत तर गोल फिरत गेलेले बुटके उंचवटे, आणि काटे-फुलं इतकी बदलती की जांभळ्या फुलाची व्हायोलासिफ्लोरा, लांब पांढऱ्या काट्यांची सेनिलिस अशा वेगळ्या जाती धरल्या होत्या, आता बरेचजण त्या मिनुस्क्युलातच घालतात. तुमची बहुतेक दोन्ही तीच. फक्त फुलाची नळी बघा, लव किंवा केस असतील तर ती आयलोस्टेरा, म्हणजे रेबुटियाच्या जवळचा दुसरा कॅक्टस. आणि थंडीत पाणी तोडा, नाहीतर पुढच्या वर्षी फुलं विसरा.

कलमवाला: ड्रॅगनफ्रूटवर कलम करून टाका, झपाट्यानं वाढतील.

लीड्सची_माळीण: नको हो! कलमावर अंग फुगतं, लांबट होतं, मग मूळचा आकार कशावरून ओळखणार? त्यांना ओळखायचंय, फुगवायचं नाहीये.

कलमवाला: आमच्याकडे उन्हाळ्यात स्वतःच्या मुळांवर ही जगत नाहीत, इंग्लंडात बसून सांगणं सोपंय.

निवडुंग्या: सावलीच्या जाळीखाली, मुरमाड मातीत माझी जगलीत. पाणी कमी घाला.

गच्ची_बाग: नळी दोन्हींची साफ गुळगुळीत. मग मिनुस्क्युलाच लिहू ना? आणि लालवाल्याला फळ धरलंय, जांभळं तेव्हा फुललंही नव्हतं, हे कसं?

लीड्सची_माळीण: लिहा, पण जांभळ्यावर फुलाचा रंग आणि काट्यांची लांबीही लिहा, नुसत्या नावानं तो फरक हरवेल. फळाचं म्हणाल तर ही स्वतःच्याच परागावर बी धरते, जोडीदार लागत नाही. फळ सुकलं की लगेच पेरा, ताजं बी चांगलं रुजतं.

नाशिककर_७: बी उरलं तर मला पाठवाल का? टपालखर्च देतो.