मूल पळवलं तर जिल्ह्यातले सगळे फोन वाजावेत का? (सातारा-सांगली)

खटावची_लेक:
पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत माझी भाची चुकली होती. पाच वर्षांची. खेळण्यांच्या दुकानात पैसे द्यायला बहिणीने तिचा हात सोडला, तेवढंच. चाळीस मिनिटं आम्ही वेड्यासारखे फिरलो. मग माईकवरून पुकारा झाला, "लाल फ्रॉक, एकाच पायात चप्पल, नाव सांगते, आडनाव सांगता येत नाही." लगेच एक रसवाला तिला हाताला धरून घेऊन आला. ती त्याच्याच गाड्यामागे बसली होती. शेजारच्या दुकानदाराची पोर असेल असं तो समजत होता. पुकारा कानावर पडला तेव्हा त्याने तिच्या पायाकडे बघितलं.

यात्रेत माईक आहे. यात्रेबाहेर काय आहे?

अमेरिकेत टेक्सासच्या अर्लिंग्टनमध्ये 13 जानेवारी 1996 ला अँबर हॅगरमन ही 9 वर्षांची मुलगी सायकल खेळत असताना पळवली गेली. शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाने काळी पिकअप गाडी बघितली, पोलिसांना लगेच सांगितलंही. पण ती गाडी शहराला सांगायची कशी? चार दिवसांनी ओढ्यात तिचा मृतदेह सापडला. खुनी आजपर्यंत सापडला नाही. रेडिओवर वादळाची सूचना देता, मग मुलाची का नाही, असं एका बाईने तिथल्या स्टेशनला विचारलं आणि डॅलस-फोर्टवर्थ भागातली रेडिओ स्टेशनं पोलिसांशी जोडली गेली. 1998 मध्ये त्याच अर्लिंग्टनमध्ये सांभाळणाऱ्या बाईने नेलेलं काही आठवड्यांचं बाळ या सूचनेमुळे परत मिळालं. 2003 मध्ये त्याचा देशभराचा कायदा झाला, 2013 पासून सूचना थेट मोबाईलवर येते. आतापर्यंत बाराशेहून जास्त मुलं यातून परत आली आहेत.

आपल्याकडे यंत्र नाही असंही नाही. 2023 मध्ये दूरसंचार विभागाने चाचणीचा संदेश पाठवला तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम केकाटले होते, आठवतंय ना? त्याला नंबरांची यादी लागत नाही. टॉवरच्या टप्प्यात जो फोन असेल तो वाजतो. पुरासाठी, विजांसाठी हे चालतं. मग आनेवाडी ते तासवडे टोलनाक्याच्या पट्ट्यात एका गाडीसाठी का चालू नये?

आमच्या ओळखीतल्या एका बाईचा मुलगा स्टँडवरून नाहीसा झाला तेव्हा चौकीत तिला सांगितलं, "संध्याकाळपर्यंत वाट बघा, पोरं येतात." सर्वोच्च न्यायालयाने मे 2013 मध्येच सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि ते पळवलं गेलं असावं असं धरूनच चालायचं. ती बाई संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली. पोरगा रात्री मामाच्या गावी सापडला, म्हणून ही गोष्ट मी नीट सांगू तरी शकतेय.

जत_मास्तर:
ताई, तुमची तळमळ कळते. तरी माझा या गोष्टीला विरोध आहे, आणि तो मी जतमध्ये राहतो म्हणून आहे.

सप्टेंबर 2022. आमच्याच तालुक्यातलं लवंगा गाव. उत्तर प्रदेशचे चार साधू विजापूरकडून पंढरपूरला निघालेले. त्यांनी एका पोराला रस्ता विचारला. बास. पोरं धरणारी टोळी आली म्हणून लोकांनी त्यांना गाडीतून ओढून काठ्यांनी, पट्ट्यांनी मारलं. पोलिसांनी शहानिशा केली तर ते खरोखरच साधू निघाले. मारणाऱ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा भाऊ होता. गुंड नाही हो, दूध घालणारा, घरात दोन लहान पोरं असलेला माणूस. तो मला म्हणाला, "सर, आठवडाभर मोबाईलवर तेच येत होतं."

त्याआधी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं मारली. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून पोट भरणारे. ते मंगळवेढ्याकडचे होते, म्हणजे आमच्या तालुक्याला लागूनच. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. त्या वर्षी देशभर जो व्हिडिओ फिरत होता, तो मूळचा कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जागृतीची फिल्म. शेवटी मोटारसायकलवाले मूल परत आणून ठेवतात आणि पाटी दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला.

चांगल्या हेतूने केलेली फिल्म माणसं मारायला कारण झाली. आता तुम्ही सरकारी शिक्क्याने प्रत्येक खिशात "मूल पळवलं" असा भोंगा वाजवणार. त्या दिवशी रस्त्यावर जो बहुरूपी, जो वासुदेव, जी पालावरची बाई असेल, तिला कोण वाचवणार?

खटावची_लेक:
मास्तर, लवंग्याला आठवडाभर अफवा फिरली, कारण खरं काय ते सांगणारा कुणी नव्हता. यात्रेत माईक एकाच्या हातात असतो, म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतात. तिथेही प्रत्येकाच्या हातात माईक दिला असता तर चेंगराचेंगरी झाली असती. अफवेला तोडायचं तर खरी सूचना हवीच. ती एकाच ठिकाणाहून येईल, आणि ती नसेल तर बाकी सगळं खोटं हे लोकांना कळेल.

कृष्णाकाठची_वकील:
मी दोघांच्या मधली नाही, मास्तरांच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं.

अमेरिकेचे आकडे नीट बघा. वर्षाला साधारण दोनशे सूचना निघतात आणि त्यातल्या खूपशा घरातल्याच माणसाने मूल नेल्याच्या असतात, ताब्यावरून भांडणारा बाप किंवा आई. टिमोथी ग्रिफिन नावाच्या अभ्यासकाने हे प्रकार तपासून तिथेच मोठा वाद उभा केला. त्याचं म्हणणं, सुखरूप परत आलेली बरीच मुलं तशीही परत आली असती, आणि जिथे खरोखर जिवावर बेतलेलं असतं तिथे सूचना निघेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिले तीन तासच महत्त्वाचे.

माझ्याकडे येणारी प्रकरणं वेगळीच असतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, घरात लग्नाची घाई, ती निघून जाते. कागदावर तेही अपहरणच. अशाच एका मुलीचा फोटो नातेवाइकांनी नावगावासकट ग्रुपवर टाकला. ती चार दिवसांत परत आली, आता कॉलेजला जाते. फोटो अजून फिरतोय. गेल्या महिन्यात तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिलाच तो पाठवला. ती माझ्या ऑफिसात येऊन काही बोलली नाही, फक्त फोन माझ्यासमोर ठेवला.

बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. मुलाच्या हितासाठी सूट देता येते, पण त्याचं कारण लेखी नोंदवावं लागतं. जिल्ह्यातल्या सगळ्या फोनवर गेलेला चेहरा परत कोण गोळा करणार?

मिरज_जंक्शन:
मिरजेतून गाड्या चार दिशांना जातात: पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर. मूल गाडीत बसलं की दोन तासांत ते दुसऱ्या राज्यात. सांगलीतले फोन वाजवून काय उपयोग? कर्नाटकातले वाजले पाहिजेत, तेही कन्नडमध्ये. त्यापेक्षा फलाटावर एकटं बसलेलं पोर ज्याच्या नजरेला पडेल तो चहावाला, तो हमाल, त्यांना 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) तोंडपाठ हवा. आधी ते करा.

पाटणखोरे:
आमच्या वाडीत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एकाने फोन लावून बोललं की तोच आवाज गावातल्या सगळ्यांच्या फोनवर. बिबट्या, चोर, वणवा, सगळ्याला वापरतो. आवाज ओळखीचा असतो म्हणून माणूस धावतो. वरून आलेल्या भोंग्याला आमची म्हातारी माणसं घाबरतील, ओळखीच्या आवाजाला घाबरणार नाहीत.

फडावरचा_शिक्षक:
सगळे गाडीचा नंबर, फोटो, फोन यावर बोलताय. मी साखरशाळेत शिकवतो. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांची पोरं. आई-बाप पहाटे चारला फडात जातात, पोरं कोप्यांवर (पाचटाच्या झोपड्यांत), पाच वर्षांची सहा महिन्यांच्या भावंडाला सांभाळते. इथलं पोर गेलं तर? बहुतेकांकडे पोराचा फोटोच नाही. असला तर लग्नातला, दोन वर्षांपूर्वीचा. फोन एकच, तो बापाकडे, तो ट्रॅक्टरवर. मुकादम म्हणतो, पोलीस नको, उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, तोडणी थांबेल. आणि तक्रार कुठली, गावची का इथली, यावर अजून हुज्जत चालते, झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो) असूनही.

मी सूचनेच्या बाजूने आहे. पण सूचना निघायला कुणीतरी आईचं ऐकून घ्यावं लागतं. मी दर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या पोरांचे फोटो काढतो आणि मागे जन्मखुणा लिहून ठेवतो. एकीच्या कानामागे तीळ, एकाचं बोट थ्रेशरमध्ये गेलेलं. कुणी सांगितलं नाही, पण काढतो.

खटावची_लेक:
फडावरच्या सरांचं वाचून गप्प झाले. वकीलताईंचंही मान्य, फोटो नको. गाडी, वेळ, कपडे पुरेत. फ्रान्समध्ये 2006 पासून अशी सूचना आहे, ती सरकारी वकिलाच्या निर्णयानेच निघते आणि तीन तास चालते. तसं बांधून घेता येईल: निर्णय पोलीस अधीक्षकांचा, वय अठराच्या आत, जिवाला धोका असल्याचं ठोस कारण, घरातून रुसून गेलेल्यांसाठी नाही. मला निवेदन द्यायचंय, म्हणून नमुना लिहिलाय:

"शोध. मुलगी, वय 5, निळा फ्रॉक. सकाळी 10:40, स्टँडजवळून. पांढरी व्हॅन, नंबरच्या शेवटी 47. दिसल्यास 112. गाडी अडवू नका, कुणाला हात लावू नका. हा संदेश दुपारी 1:40 ला रद्द होईल."

जत_मास्तर:
"पळवलं" न लिहिता "शोध" लिहिलंत, बरं केलंत. माझा विरोध अजून आहेच, कारण 1:40 ला तुमचा संदेश रद्द झाला तरी त्याचा स्क्रीनशॉट रद्द होत नाही. तरी निवेदन देणारच असाल तर एक करा. "कुणाला हात लावू नका" सगळ्यात वर घ्या. आमच्याकडे माणसं पहिलीच ओळ वाचून घराबाहेर पडतात.

खटावची_लेक:
वर घेतलं. आणि संदेश रद्द झाल्यावर "मूल सापडलं" किंवा "शोध थांबला" असा दुसरा संदेश त्याच फोनांवर जायला हवा, हेही जोडलंय. सर, तुमच्या त्या विद्यार्थ्याच्या भावाला हा कागद एकदा वाचून दाखवाल का? त्या दिवशी हे फोनवर आलं असतं तर त्याने काय केलं असतं, ते मला ऐकायचंय.