मदत हवी आहे: रोटरवर वेगाचा आणि त्वरणाचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

एम.एस्सी. प्रकल्पासाठी लोह-५७चा मॉसबाउअर रोटर आखायचा आहे, म्हणजे फिरत्या लोहाची गॅमा किरणं शोषण्याची ऊर्जा (रेषा) किती सरकते ते मोजून काळ किती मंदावला हे पाहणारं यंत्र. मधोमध कोबाल्ट-५७चा स्रोत, १० सें.मी.वर शोषक पत्रा, बाहेर स्थिर डिटेक्टर. फेरे दुप्पट केले की रेषा चौपट सरकणार, पण केंद्रगामी त्वरणही चौपटच होतं. मग काळ मंदावला तो वेगामुळे की त्वरणामुळे, हे ठरवायचं कसं?

प्रतिसाद १
त्रिज्या कायम ठेवलीत तर हे सुटणारच नाही. दोन्ही गोष्टी फेऱ्यांच्या वर्गानेच वाढतात. कडेचा वेग तोच ठेवून त्रिज्या बदला. २०० मी./से. वेगासाठी ५ सें.मी.वर सेकंदाला ६३७ फेरे लागतील, २० सें.मी.वर १५९. त्वरण अनुक्रमे सुमारे ८१,००० जी आणि २०,००० जी (जी म्हणजे पृथ्वीचं गुरुत्वत्वरण). सरकणं (ते इथे वेगाच्या एककात मोजतात) मात्र दोन्हीकडे ०.०६७ मि.मी./से. इतकंच यायला हवं.

खरा शत्रू कंपन. रेषेची रुंदीच जेमतेम ०.१९४ मि.मी./से. सेकंदाला ६३७ फेऱ्यांना स्रोत आणि पत्रा एकमेकांच्या दिशेने नुसते २५ नॅनोमीटर थरथरले, तरी ०.१ मि.मी./से. वेग होतो. रेषा पसरते, गणना बदलते आणि ते सरकल्यासारखं दिसतं. म्हणून एकाच बिंदूवरची गणना घेऊ नका. भौतिकशास्त्रज्ञ क्यूंडिग यांनी १९६३ मध्ये केंद्रातला स्रोत पिझोवर (विजेने किंचित हलणाऱ्या तुकड्यावर) बसवून पूर्ण रेषा स्कॅन केली, तसं करा. हवेच्या घर्षणाने कड तापते, आणि १० अंशांच्या फरकाने साधारण ०.००७ मि.मी./से.ची चूक येते, म्हणजे तुमच्या संकेताच्या दहा टक्के. निर्वात कक्ष हवाच. रोटर फुटला तर किरणोत्सारी स्रोतही विखुरतो. पोलादी कवच आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आधी, मोटर नंतर.

प्रतिसाद २
माझं मत, रोटर सोडा. वरची तापमानाची 'चूक' हाच तुमचा प्रयोग आहे. ३०० केल्विनला लोहाचा अणू जाळीत सरासरी ३६० मी./से.च्या आसपास थरथरतो, म्हणजे वेग रोटरच्याच पंगतीतला. पण त्वरण १० च्या १५व्या घाताइतके जी, रोटरच्या हजार कोटी पट. त्वरणाचा स्वतंत्र वाटा असता तर इथे तो लपला नसता. पत्रा १०० अंशांनी तापवा, सरकणं ०.०७ मि.मी./से.च्या जवळ येतं, निव्वळ वेगाच्या हिशेबाइतकं. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरवर होतं.

धागाकर्ता
शुद्ध लोहाचा पत्रा चालेल ना? आणि सर्न प्रयोगशाळेत वलयात फिरवलेल्या म्यूऑन या अल्पायुषी कणांचा निष्कर्ष इथे जोडता येईल का?

प्रतिसाद २
चालेल, पण एकच रेषा मोजू नका. लोहाचं चुंबकत्व एका रेषेच्या सहा करतं; तापल्यावर ते घटतं आणि सहाही रेषा आत ओढल्या जातात. कडेच्या रेषांत हा बदल तुमच्या संकेताहून मोठा असतो. सहांची सरासरी घ्या, नाहीतर एकच रेषा देणारं स्टेनलेस स्टील वापरा.

म्यूऑन जरूर जोडा. १९७७, १४ मीटर व्यासाचं वलय, २.२ मायक्रोसेकंदांचं आयुष्य ६४.४ झालं. म्यूऑनला जाणवणारं त्वरण १० च्या १८व्या घाताइतके जी, तरी आकडा नुसत्या वेगाच्या सूत्राशी हजारात एक-दोन भागांपर्यंत जुळला.