‘इंटरसेप्ट’, ‘इन्क्लुडिंग’ आणि ‘साठा’: तांब्याच्या ड्रिलिंग निकालांतले शब्द

धरमपेठची वाचक
ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या तांबेशोध कंपनीचे थोडे शेअर आमच्या घरात आहेत. ड्रिलिंगचे निकाल आले की मी ते बाबांना मराठीत सांगते. समजा, निकालात अशी ओळ आहे: ‘१२० मीटर, ०.४ टक्के तांबं, इन्क्लुडिंग ४ मीटर, ८ टक्के’. इथे ‘यासह’ म्हटलं की बाबा १२४ मीटर धरतात. नेमका शब्द कोणता? आणि ‘इंटरसेप्ट’ला काय म्हणावं?

बोअरवाले काका, सेमिनरी हिल्स
ताई, ‘त्यापैकी’ म्हणा. हे ४ मीटर त्या १२० मीटरच्या पोटातलेच आहेत, आणि त्यांचं ८ टक्के वरच्या ०.४ च्या सरासरीत आधीच मोजलं गेलंय. बाबांना कागदावर गणित करून दाखवा. १२० गुणिले ०.४ म्हणजे ४८. ४ गुणिले ८ म्हणजे ३२. ४८ मधून ३२ गेले, उरले १६, आणि ते पसरलेत ११६ मीटरवर. म्हणजे उरलेल्या दगडात तांबं साधारण ०.१४ टक्के. एवढ्या कमी प्रमाणाचा दगड बऱ्याच खाणींत कारखान्याकडे नेतच नाहीत, बाजूला टाकतात. मथळ्यातला १२० चा आकडा खोटा नाही, पण त्याचा जीव ४ मीटरमध्ये आहे. ‘यासह’ लिहिलं की हे सगळं झाकलं जातं, म्हणून माझा ‘त्यापैकी’चा आग्रह आहे.

‘इंटरसेप्ट’ला, म्हणजे बोअर खनिजाच्या पट्ट्यातून जातो त्या तुकड्याला, मी ‘छेद’ म्हणतो. पण ही लांबी बोअरच्या दिशेने मोजलेली असते, खनिजाच्या पट्ट्याची जाडी वेगळी. काकडी तिरपी कापली की चकती लांब निघते, तसंच हे. बोअर पट्ट्याला ३० अंशांत भेटला असेल, तर १२० मीटरच्या छेदामागे खरी जाडी ६० मीटरच. इंग्रजीतल्या ‘ट्रू विड्थ’ला काही जण ‘खरी रुंदी’ म्हणतात, मला ते पटत नाही. थराला जाडी असते. ‘खरी जाडी’ म्हणा. निकालात ती दिलेली नसेल, तर ‘बोअरमधली लांबी’ एवढंच सांगा आणि पुढचा अंदाज करू नका.

महालातले मास्तर
‘ओअर’चाही घोळ होतो. दहावीच्या विज्ञानात आपण खनिज आणि धातुक हा भेद शिकवतो: ज्या खनिजापासून धातू सोयीने आणि फायद्यात काढता येतो, तेच धातुक. फायदा व्याख्येतच आहे! बोअरमध्ये चाल्कोपायराइट हे तांबं असलेलं खनिज दिसलं की लगेच ‘तांब्याचं धातुक सापडलं’ लिहिणं चूक. ते अजून खनिजच आहे.

आणि हे पाहाच. प्रयोगशाळेचा निकाल येण्याआधी कंपन्या ‘कोअरमध्ये (बोअरमधून काढलेल्या दगडाच्या कांडीत) नजरेने ३ टक्के चाल्कोपायराइट’ असं जाहीर करतात. ते ३ टक्के तांबं नव्हे. या खनिजात वजनाने तांबं सुमारे ३५ टक्के, उरलेलं लोह आणि गंधक. म्हणजे अंदाज बरोबर असला तरी तांबं १ टक्क्याच्या आसपास.

कामठी रोड
हे ठीक आहे भाऊ, पण पेपरात सरसकट ‘तांब्याचा साठा’ असतं. ठाणेवासनाबद्दल आपल्या चंद्रपूरकडे सगळे हेच बोलतात. रूढ शब्द बदलणार कसा?

बोअरवाले काका, सेमिनरी हिल्स
रूढ आहे हे मान्य. पण शेअर घेणाऱ्याचे पैसे याच शब्दावर जातात, म्हणून मी अडून बसतो. आपल्याच नागपुरातल्या भारतीय खाण ब्युरोची खनिज वार्षिकी काढून बघा. त्यात ‘रिझर्व्ह’ आणि ‘उरलेलं रिसोर्स’ असे वेगळे रकाने असतात. रिसोर्स म्हणजे जमिनीत असल्याचा अंदाज, रिझर्व्ह म्हणजे त्यातलं फायद्यात काढता येईल तेवढंच. खनिजांचे निकाल कसे जाहीर करायचे हे सांगणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेतही हा भेद कडक आहे. रिसोर्सच्या अनुमानित, निर्देशित आणि मोजलेलं अशा पायऱ्या आहेत. रिझर्व्ह ठरवायचं तर खाणकाम, भाव, खर्च, परवाने सगळं तपासावं लागतं, आणि अनुमानित रिसोर्समधून थेट रिझर्व्हवर उडी मारता येत नाही.

म्हणून ‘साठा’ फक्त रिझर्व्हसाठी राखावा आणि रिसोर्सला ‘संसाधन’ म्हणावं. नुसते बोअरचे निकाल हातात असतील, तर ‘तांब्याचा आढळ’. पक्ष्यांचा, वनस्पतींचा आढळ म्हणतो ना आपण, त्याच अर्थाने. किती, कुठवर, परवडेल का, याबद्दल तो शब्द काहीच कबूल करत नाही.

धरमपेठची वाचक
‘आढळ’ फारच आवडला. एक राहिलं. तक्त्यात काही बोअरपुढे ‘एनएसआय’ असतं, आणि काहींपुढे ‘असेज पेंडिंग’.

महालातले मास्तर
दुसऱ्याला ‘पृथक्करण बाकी’ म्हणा.

बोअरवाले काका, सेमिनरी हिल्स
‘एनएसआय’ म्हणजे ‘नो सिग्निफिकंट इंटरसेप्ट’, म्हणून ‘उल्लेखनीय छेद नाही’. बोअर मारला, कंपनीच्या ठरवलेल्या किमान प्रमाणापर्यंत काही मिळालं नाही. ‘निकाल नाही’ असं मात्र सांगू नका, बाबांना वाटेल अजून यायचाय. निकाल आलाय आणि तो नकाराचा आहे. जॉर्कनुसार कमी-जास्त दोन्ही निकालांचं समतोल चित्र देणं अपेक्षित असतं, त्यामुळे अशा ओळी मागच्या तक्त्यात सापडतात. बाबांसोबत वाचताना आधी तो तक्ता उघडा, नकाराचे बोअर नकाशावर खुणा करून घ्या, आणि मग पहिल्या पानावरच्या १२० मीटरकडे या.